पुएर्तो लापाचोतले तीन मनोहर

गार्गीने पत्रासोबत आलेले फोटो टीव्हीवर लावले, आणि सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमधली चारही मोठी माणसं हातातली कामं सोडून पुढे सरकली. परवा, मंगळवारी, तिच्या आजोबांचं, शामकांतांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. सोफ्यावर निरांजनं, सुपाऱ्या आणि निवडायला घेतलेल्या तांदळाची परात होती, त्यामुळे जो तो मिळेल तिथे टेकला. आजी गिरिजाबाई परातीशेजारी, आई मेधा वेताच्या मोड्यावर. शामकांतांचे धाकटे भाऊ प्रबोधकाका पुण्याहून कालच आले होते. त्यांच्या पायांची सूज उतरली नव्हती, म्हणून त्यांना आरामखुर्ची दिली होती.

"हे सरप्राइज मंगळवारी द्यायचं होतं," गार्गी म्हणाली. "पण त्यांना आजच रिप्लाय पाहिजे. सो."

पहिल्या फोटोत लाल मातीचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना बसकी घरं आणि रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली एक गाय.

"ही तर आपली वाईच," प्रबोधकाका म्हणाले.

"ही पॅराग्वेमधली गाय आहे, काका," मेधा म्हणाली.

"गायीला काय माहीत ती कुठे आहे ते."

शामकांतांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे पाहत राहिले. ऐंशी पूर्ण झाली तरी त्यांची बसण्याची पद्धत जहाजाच्या इंजिन-रूममधलीच होती. पाय फाकवून, जमीन हलेल या तयारीत.

झालं होतं ते असं. सोहळ्यासाठी जुने फोटो गोळा करताना गार्गीला एका विटांच्या खोलीपुढे उभे असलेले आजोबा सापडले. सोबत सात अनोळखी माणसं आणि मागे पेनाने लिहिलेलं, 'पुएर्तो लापाचो, १९८३'. तिने तो फोटो त्या गावाच्या नगरपालिकेच्या ऑनलाइन पानावर टाकला आणि विचारलं, माझ्या आजोबांना कुणी ओळखतं का? तीन दिवस काही नाही. काल पहाटे नगरपालिकेच्या सचिव, दोमिंगा आयाला नावाच्या बाई, यांचं दोन पानी पत्र आलं.

"केवढं आहे गाव?" मेधाने विचारलं. पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची पंचवीस वर्षं गेली होती. कोणत्याही गोष्टीचं माप कळल्याशिवाय तिला ती गोष्ट दिसायला लागत नसे.

गार्गीने नकाशा लावला. तपकिरी नदीचं एक जाडजूड वळण, वळणाच्या आतल्या अंगाला चौकोनी आखणी. मेधाने रस्ते मोजले. उभे सहा, आडवे पाच. त्यापलीकडे हिरवं आणि लाल, आणि त्यात कुठे कुठे ठिपक्याएवढ्या वस्त्या.

"गाव एवढंच. पण म्युनिसिपालिटी खूप मोठी आहे, बाहेरची सगळी शेतंपण त्यातच येतात. सत्तावीस वस्त्या. टोटल सिंगापूरच्या तिप्पट जागा."

"आणि माणसं?"

"सहा हजार."

"म्हणजे आपल्या आसपासच्या दहा-बारा ब्लॉकमध्ये मावतील," मेधा म्हणाली. "सिंगापूरच्या तिप्पट जागेत."

"सगळ्यांना कॉर्नर फ्लॅट," प्रबोधकाका म्हणाले. गिरिजाबाई हसल्या. दिरांच्या विनोदाला त्या नेहमीच हसत आल्या होत्या, नवऱ्याच्या विनोदाला मात्र क्वचित.

दुसऱ्या फोटोत तरुण शामकांत शिंगाच्या पेल्यातून धातूच्या नळीने काहीतरी पीत होते. शेजारचा माणूस पेल्यासाठी हात पुढे करून बसला होता.

"काय पिताय?"

"एका पाल्याचं गार पाणी. चहासारखा पाला."

"आणि तो माणूस हात का पुढे करतोय?"

"त्याची पाळी."

"त्याच नळीने?" गिरिजाबाईंनी तांदळातला हात बाहेर काढला. "अहो, सगळ्यांचं उष्टं? आणि घरात माझ्या पेल्यातलं पाणी प्यायला तुम्हाला चालत नाही ते?"

"तिथे नाही म्हणणं बरं दिसत नसे."

"इथे दिसतं!"

तिसऱ्या फोटोवर मात्र सगळे पुढे झुकले. रस्त्याच्या कोपऱ्यावर निळी पाटी होती. गार्गीने अक्षरं मोठी केली. रोमन लिपीतच होती, त्यामुळे वाचायला भाषेची गरज नव्हती. पाटीवर लिहिलं होतं, 'इंजि. एस. मनोहर मार्ग'.

"अण्णा?" प्रबोधकाकांच्या तोंडून निघालं.

मनोहर विष्णू आजरेकर, म्हणजे अण्णा, शामकांत आणि प्रबोध यांचे वडील. वाई नगरपालिकेच्या पंपघरावर एकतीस वर्षं नोकरी केलेले आणि मुंबईच्या पलीकडे कधीही न गेलेले.

"नो नो, ते आजोबाच आहेत," गार्गी म्हणाली. "शामकांत मनोहर आजरेकर. त्यांच्याकडे दोन सरनेम असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. आणि हाक मारायला वडिलांचं वापरतात. म्हणून त्यांना वाटलं, मनोहर हे आजोबांचं सरनेम आणि आजरेकर हे त्यांच्या आईचं. सगळं गाव त्यांना डॉन मनोहर म्हणतं. सो क्यूट, लाह. आणि ऐका ना." तिने फोनवरचं भाषांतर वर सरकवलं. "'आमच्या नोंदवहीत आज मनोहर नावाचे तीन नागरिक आहेत. पैकी मनोहर बेनीतेस हे सध्या पंपाचं काम बघतात.'"

प्रबोधकाका आधी हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे त्यांना खोकला लागला. मेधाने पाणी आणून दिलं.

"तीन मनोहर," ते म्हणाले. "दादा, आपल्या घरात एकाचंही नाव आपण अण्णांवरून ठेवलं नाही. आणि तिथे तीन?"

शामकांतांनी मान हलवली. ते हो होतं की नाही, हे मेधाला कळलं नाही.

पत्राचा मुद्दा पुढे होता. जुनं पंपघर पाडून तिथे पाणी शुद्ध करण्याचं नवं केंद्र उभं राहिलं होतं. केंद्राला याच इंजिनिअरचं नाव द्यायचं घाटत होतं आणि बुधवारी त्यावर सभा होती. पाटी धातूची असल्यामुळे नंतर बदलता येणार नव्हती. कुटुंबाने नाव तपासून कळवावं, एवढीच विनंती.

"मग कळवा की," गिरिजाबाई म्हणाल्या. "चूक आहे म्हणून कळवा. शामकांत आजरेकर."

"वहिनी, असू दे ना," प्रबोधकाका म्हणाले. "अण्णांचं नाव लागलंय चुकून, लागू दे. जन्मभर पाण्यात हात घालून बसले, वाईत त्यांच्या नावाची कुठे फरशीसुद्धा नाही."

"काम यांनी केलंय, भावोजी."

"आई बरोबर बोलतेय," मेधा म्हणाली. "नोंद बरोबर असावी. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला गेलं तर त्याला खरं नाव मिळायला हवं."

"तू लॅबवालीच राहिलीस!" काकांनी तिच्याकडे लटक्या रागाने पाहिलं. "गार्गी, तू सांग. दोन विरुद्ध एक झालंय."

"मी प्रबोध आजोबांच्या टीममध्ये. तीन माणसं आहेत त्या नावाची, मम्मा! आता त्यांना काय सांगायचं, सॉरी, तुमचं नाव राँग आहे?"

"दोन-दोन. दादा, तुझं मत?"

शामकांत म्हणाले, "सावकाश ठरवू."

"आजच हवंय, आजोबा. तिकडे उद्या-परवा सुट्टी आहे."

खरं तर तिथेच थांबता आलं असतं. पण काकांची उत्सुकता चाळवली होती. अण्णांचं नाव लावणाऱ्या त्या गावाबद्दल त्यांना सगळं काही हवं होतं. ते खुर्चीतून उठले आणि टीव्हीजवळ गेले. "दुसरं पान लाव. नुसतं त्यांच्या भाषेतलंच लाव, बघू तरी कसं दिसतं."

प्रबोधांना स्पॅनिश येत नव्हतं. पण आयुष्यभर त्यांनी सातारच्या शाळेत इतिहास शिकवला होता, आणि कोणत्याही पानावर त्यांची नजर आधी सनावळीकडे जात असे. पानाच्या मध्यावर तीन तारखा होत्या. महिन्यांची नावं इंग्रजीच्या इतकी जवळची होती, की भाषांतराची गरज पडली नाही. १४ जून १९८३. २० ऑगस्ट १९८३. ८ डिसेंबर १९८३.

"याचं काय लिहिलंय?" त्यांनी मधल्या तारखेवर बोट ठेवलं.

गार्गीने फोन बघून वाचलं. "जूनमध्ये पुरात जहाज वाट चुकून कुरणात शिरलं आणि पाणी उतरल्यावर तिथेच बसलं. 'वीस ऑगस्टला जहाज ओढून नदीत नेण्यात आलं आणि सर्व खलाशी त्यावरून रवाना झाले. इंजिनिअर मनोहर मात्र गावाच्या विनंतीवरून मागे राहिले. पुरानंतर आमची मुलं विहिरीच्या पाण्याने आजारी पडत होती. आठ डिसेंबरला पंप सुरू झाला.'" तिने वर पाहिलं. "आजोबा, यू आर अ हीरो!"

गार्गीने आईकडे पाहिलं. मेधा खाली पाहत होती. तिनेही तारखा मघाशीच वजा करून पाहिल्या होत्या आणि काकांचं तिकडे लक्ष जाऊ नये अशी मनोमन इच्छा केली होती.

अण्णा गेले ते अकरा ऑक्टोबरला.

"तुम्ही जहाजावर अडकला होतात," प्रबोधकाका म्हणाले. धाकट्या भावाने दादाला 'तुम्ही' म्हटलेलं मेधाने प्रथमच ऐकलं. "गाळात. सात महिने. जहाज निघेना म्हणून तुम्हाला येता आलं नाही. मी लोकांना हेच सांगितलं. अग्नी द्यायला थोरला कुठेय म्हणून आपल्या काकांनी घाटावर विचारलं, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो होतो. म्हटलं, तो मरणाच्या दारात आहे तिकडे, तुम्हाला काय कळतं."

"प्रबोध."

"अण्णा आजारी आहेत हे कळलं होतं?"

"सप्टेंबरमध्ये. पत्र आलं होतं."

"आणि?"

शामकांतांना उत्तर शोधावं लागलं नाही. ते त्यांच्यापाशी बेचाळीस वर्षं तयार होतं. "वाटलं, वेळ आहे," ते म्हणाले. "पंप महिन्याभरात होईल, मग निघू. नंतर तार आली तीसुद्धा अठरा दिवसांनी. तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता."

"वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं?"

गिरिजाबाईंना खोटं बोलता आलं असतं. दिरांना ते बरंही वाटलं असतं. जानेवारी चौऱ्याऐंशीमध्ये नवरा घरी आला, त्याने बूटसुद्धा न काढता सगळं सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, हे माझ्यापाशी राहू दे, भावोजींना नको. त्यांना वाटलं होतं, हे चार-दोन वर्षांपुरतं आहे. प्रबोध सावरले की सांगू. पण प्रबोधांच्या सावरण्याला त्या खोट्याचाच आधार होता, आणि मग तो काढून घेण्याचा दिवस कधी आलाच नाही.

"होतं," त्या म्हणाल्या.

प्रबोधकाका खुर्चीपर्यंत गेले पण बसले नाहीत. "मेधा, उद्याचं पुण्याचं तिकीट मिळतंय का बघ."

"काका, परवा—"

"परवाचं तुम्ही करा. ऐंशी वर्षांच्या माणसाला ओवाळायला लेक आहे, नात आहे, शेजारी आहेत. आणि त्या बाईंना लिहा, अण्णांचं नाव काढा म्हणून. शामकांत आजरेकर लावा. ज्याने केलं त्याचं. अण्णांचं नाव त्यांच्या मरणाच्या बदल्यात नको."

"नाही काढायचं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"आत्ता तर तुम्हीच म्हणत होतात!"

"म्हणत होते. कारण मला वाटत होतं, आता पुरे. एवढी वर्षं हा माणूस स्वतःच्या कामावर स्वतःचं नाव लावायला तयार नाही. निदान ऐंशीव्या वर्षी तरी लागावं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "सांगा त्यांना तुम्ही. नाहीतर मी सांगेन."

शामकांत म्हणाले, "चूक पहिल्यांदा त्यांचीच होती. कारकुनाने लिहून घेतलं, मी लक्ष दिलं नाही. पण आठ डिसेंबरला पाटी लावायच्या आधी महापौरांनी मला विचारलं. कागद पुढे केला. हे नाव बरोबर आहे ना, म्हणून. मी हो म्हटलं."

"का?"

"कारण तो पंप मला जहाजावर कुणी शिकवला नव्हता. तो मी वाईत शिकलो. तसाच होता, प्रबोध. त्याच घराण्यातला. दट्ट्या, चामड्याचं वॉशर, तेच चाक. मी आत गेलो, आणि मला वाटलं आता अण्णा मागून ओरडतील, बाही वर कर म्हणून."

प्रबोधकाका उभेच होते. मेधाला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसत होता, आणि त्या रागाच्या आत आणखी काहीतरी, ज्याला ती नाव देऊ शकली नाही. तिने तिकिटाचं पान फोनवर उघडलं होतं, पण पुढे काही दाबलं नव्हतं.

"अण्णांना ते कळलं का?" काकांनी विचारलं. "की तू पंप करतोयस?"

"लिहिलं होतं मी. सप्टेंबरातच. पोचलं का, माहीत नाही."

प्रबोधकाका पुन्हा 'तू' वर आले होते, हे बहुधा त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांची नजर पडद्यावरच्या तारखांकडे गेली. मग म्हणाले, "पोचलं होतं."

शामकांतांनी मान वर केली.

"निळं पाकीट. चार ऑक्टोबरच्या आसपास आलं. मीच वाचून दाखवलं. त्यात सगळं पंपाचंच होतं, तुझ्या तब्येतीचं एक अक्षर नाही, म्हणून मी चिडलो होतो. मला वाटलं, जहाजावरचाच कुठला पंप असेल. अण्णांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, ह्याने गळती थांबवायला पॅकिंग कशाचं केलंय ते नीट लिहिलेलं नाही, विचार त्याला. मी म्हटलं, विचारतो. आणि मग राहून गेलं."

खालच्या मजल्यावर कुणीतरी कपड्यांच्या काठ्या आत ओढून घेत होतं, ती खडखड तेवढी वर आली.

"गाईच्या चरबीत भिजवलेला सुताचा पीळ," शामकांत म्हणाले. "तिकडे कापूस पिकतो. अण्णा वापरायचे तो नारळाचा काथ्या कुठून मिळणार?"

"चरबी!" गिरिजाबाई पुटपुटल्या. "आणि हे मला आत्ता सांगताय."

प्रबोधकाका खाली बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला, मग चष्मा, मग पुन्हा चेहरा. "गार्गी," ते म्हणाले, "लिही त्यांना. ते नाव इंजिनिअरचं नाही, त्याच्या वडिलांचं आहे, असं स्पष्ट लिही. मेधाची नोंदही बरोबर होईल. आणि पूर्ण नाव दे. मनोहर विष्णू आजरेकर, पंपचालक, वाई."

गार्गीची बोटं थांबली. "कॅन, लिहिते. पण प्रबोध आजोबा, मग गाव त्यांना डॉन विष्णू म्हणणार."

"कोण विष्णू?"

"मधलं नाव. त्यांना परत वाटेल की ते सरनेम आहे."

प्रबोधकाका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. "म्हणजे आजोबा," ते शामकांतांना म्हणाले. "पॅराग्वेमध्ये आपले आजोबा! जे उभ्या जन्मात नळाचं पाणी प्यायले नाहीत, धर्म बाटेल म्हणून!" शामकांतही हसू लागले, रडल्यासारखे, आवाज न करता. गिरिजाबाई म्हणाल्या, मग त्यांच्यापुढचे पणजोबाही पाठवून द्या, सत्तावीस वस्त्या आहेत. गार्गीला एवढं हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण तीही हसली.

हसू ओसरल्यावर काका म्हणाले, "नुसतं मनोहर ठेव. आणि खाली वडिलांचं नाव आहे एवढं लिही."

मेधाने मजकूर दोनदा तपासला. गार्गीने तो पाठवला. तिकडे रविवारची पहाट होती.

"दादा," प्रबोधकाका म्हणाले, "पण तू यायला हवं होतंस."

"हो."

"पंप नसता झाला तरी."

शामकांतांनी यावर वाद घातला नाही. तिथली आजारी मुलं, ती माणसं, डिसेंबरात नळाला आलेलं पाणी, यातलं काहीही त्यांनी पुढे केलं नाही. "हो," ते पुन्हा म्हणाले. "यायला हवं होतं."

मेधाने फोन पुढे धरला. "काका, उद्या संध्याकाळच्या विमानात जागा आहे. घेऊ?"

प्रबोधकाकांनी फोनकडे पाहिलं नाही. ते खुर्ची ओढत भावाच्या समोर गेले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. "अण्णा मला कधी पंपघरात नेत नसत," ते म्हणाले. "धाकटा आहे, हात अडकेल म्हणत. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, पण त्यातलं मला काहीही समजलं नव्हतं. तू आत गेलास. दट्ट्या जाम होता. मग आधी काय सोडवलंस?"

शामकांतांनी शर्टाची बाही वर केली आणि हातांनी हवेत चाक धरलं. मेधाने फोन बंद करून ठेवला.